जुनं नाव खोडू नका, त्याला तारीख द्या

आमच्या वंशावळीत गेल्या वर्षी एक ‘दुरुस्ती’ झाली. न्यू जर्सीतल्या भाचीने आजोबांचं आडनाव पेणकर काढून सॅम्युएल लिहिलं. त्यांच्या अमेरिकन नागरिकत्वाच्या प्रमाणपत्रावर तसंच आहे, त्यामुळे भाचीचं चुकलं असं म्हणता येत नाही. पण जुना शब्द पुसला गेला आणि इस्राएलमधल्या चुलतभावाला ‘पेणकर’ शोधून आजोबा सापडेनात.

आपल्या लोकांत हे नेहमीचंच. १७९६ साली मुंबईत आपली पहिली मशीद, शआर हारहमीम, बांधणारे सॅम्युएल इझिकेल दिवेकर म्हणजेच सामाजी हसाजी दिवेकर. यातलं खरं नाव कोणतं? दोन्ही. मग संगणकातल्या तक्त्यात नावासाठी एकच रकाना ठेवून कसं चालेल?

माझं मत असं, की वंशावळीची नोंद किर्दीसारखी ठेवावी. किर्दीत चुकीची रक्कम खोडत नाहीत, नवी नोंद करतात. इथेही प्रत्येक माणसाला कायमचा क्रमांक द्यावा आणि नावं वेगळ्या तक्त्यात, एका ओळीला एक अशी लिहावीत. प्रत्येक नावापुढे ते कधीपासून कधीपर्यंत चाललं ते लिहावं. दोन नावं एकाच काळात चालली असतील, तर दोन्ही ओळी राहू द्याव्यात.

एवढ्याने भागत नाही. तारखांची आणखी एक जोडी हवी: नोंद आपण केव्हा केली आणि केव्हा रद्द केली. कारण बदल वेगळा, दुरुस्ती वेगळी. १९८१ साली कुलाबा जिल्ह्याचं नाव रायगड झालं, हा बदल. आजीच्या जुन्या दाखल्यावर ‘कुलाबा’ वाचून अमेरिकेत वाढलेल्या नातवाने दक्षिण मुंबईतला कुलाबा लिहिला आणि नंतर कुणी तो सुधारला, ही दुरुस्ती. चुकीची ओळही ठेवावी, रद्द झाल्याची तारीख घालून. नाहीतर दुसरा नातू तोच दाखला वाचून तीच चूक पुन्हा करील. सोबत दोन रकाने हवेतच: कोणी लिहिलं आणि कशाच्या आधारे.

ही काही माझी शक्कल नाही. रिलेशनल तक्त्यांची कल्पना आयबीएमच्या एडगर कॉड यांनी १९७० साली मांडली. नोंदींचा काळ कसा सांभाळावा यावर अ‍ॅरिझोना विद्यापीठाच्या रिचर्ड स्नॉडग्रास यांनी पुढे बरीच वर्षं काम केलं. २०११ च्या एसक्यूएल प्रमाणात दोन्ही काळांची सोय आली.

कुणी म्हणेल, घरच्या वंशावळीला एवढा पसारा कशाला? पसारा रोज दिसत नाही. फक्त आजची नावं दाखवणारा ‘व्ह्यू’ बनवला की पान पूर्वीइतकंच सुटसुटीत राहतं. काही हजार ओळींना जागाही नगण्य लागते. हयात माणसाला मात्र आधी विचारावं. त्याला जुनं नाव दाखवायचं नसेल, तर त्याचा शब्द शेवटचा.

आपल्या आडनावातला ‘कर’ हा कोकणातल्या गावाचा पत्ता आहे. अमेरिकेत जन्मलेल्या मुलांकडे गावाकडे नेणारी दुसरी खूण क्वचितच उरते. भाचीला मी एवढंच सांगितलं: सॅम्युएल राहू दे, पण पेणकरची ओळ परत घाल.