संरक्षक जकात आणि घरचा हिशेब

जकात हा शब्द आमच्या विद्यार्थ्यांस अगदींच अपरिचित नसावा. शहरांतील जुने जकातनाके उठून गेले, तरी कित्येक बसथांब्यांस त्यांचें नांव अद्याप चिकटून राहिलें आहे. येथें आम्ही बोलणार आहों तें मात्र देशाच्या वेशीवर, म्हणजे बंदरांत, परदेशी मालावर बसणाऱ्या जकातीविषयीं. हा विषय पुढाऱ्यांचा व व्यापाऱ्यांचा, आपणांस त्याचें काय, असें पुष्कळ सुज्ञ पालकांसही वाटतें. आमचें मत अगदीं उलट आहे. ज्या घरांत साखर, तेल व कापड लागतें, त्या घरांत ही जकात केव्हांना केव्हां भरली गेलेली असते. फक्त तिची पावती कोणास मिळत नाहीं.

प्रथम एक साधें गणित करूं. समजा, परदेशी माल बंदरावर शंभर रुपयांस उतरतो, व तसाच माल आपल्या कारखानदारास एकशें पंधरा रुपयांखालीं विकणें परवडत नाहीं. जकात नसेल तर गिऱ्हाईक शंभर रुपयांचा माल घेईल व आपला कारखाना बंद पडेल. सरकारनें वीस टक्के जकात बसविली, कीं परदेशी माल एकशें वीस रुपयांस पडेल आणि देशी कारखान्यास तग धरण्यास जागा मिळेल. येथवर सर्वांस समजतें. पण आतां तो देशी कारखानदार आपला माल एकशें पंधरा रुपयांस विकील, कीं एकशें एकोणीस रुपयांस? शेजारीं दुसरा देशी कारखानदार स्पर्धेस उभा नसेल, तर तो दुसराच आंकडा धरील. आणि त्याच्या जागीं आपण असतों तर आपणही तोच धरला असता. परदेशी मालावरचे वीस रुपये सरकारी तिजोरींत जातात, देशी मालावरचे जास्तीचे एकोणीस रुपये कारखानदाराकडे जातात. निघतात मात्र दोन्ही एकाच खिशांतून. कधीं कधीं बाजार हातचा जाऊं नये म्हणून परदेशी व्यापारी आपला भाव उतरवितो व जकातीचा कांहीं भाग स्वतः सोसतो, हें खरें. पण त्यावर विसंबून कोणत्याही गृहिणीनें महिन्याचा अंदाज बांधूं नये.

याचें एक अलीकडचें उदाहरण अमेरिकेंतील आहे. २०१८ च्या आरंभीं त्या देशानें कपडे धुण्याच्या परदेशी यंत्रांवर जकात बसविली : वर्षांतील पहिल्या १२ लाख यंत्रांवर २० टक्के, त्यापुढील यंत्रांवर ५० टक्के. अर्थशास्त्रज्ञांनीं मागाहून दुकानांतील भाव तपासले, तेव्हां तीं यंत्रें सुमारें १२ टक्क्यांनीं महागलेलीं आढळलीं. इतकें अपेक्षितच होतें. गंमत पुढेंच आहे. कपडे वाळविण्याच्या यंत्रांवर ही जकात मुळींच नव्हती. तरी त्यांचे भावही जवळजवळ तितकेच चढले! तिकडे हीं दोन यंत्रें बहुधा जोडीनें घेतलीं जातात. तेव्हां विकणारांनीं महागाईचें ओझें दोहोंवर वांटून टाकलें. अमेरिकेंतील कारखान्यांत सुमारें १,८०० माणसांस नवें काम मिळालें, हेंही सांगितलें पाहिजे. परंतु गिऱ्हाइकांनीं जास्त मोजलेल्या रकमेंतून सरकारास मिळालेली जकात वजा करून भागाकार केला, तर एकेका नोकरीमागें वर्षाला सुमारें ८ लाख १५ हजार डॉलर खर्च पडतो. एवढ्या पैशांत त्या माणसास घरीं बसवून कित्येक वर्षांचा पगार देतां आला असता.

तर मग संरक्षक जकात नकोच काय? असें म्हणण्यास आमचें मन धजत नाहीं, आणि त्यास आपल्याच देशाचा इतिहास कारण आहे. इंग्रजी अमदानींत १८९६ सालीं परदेशी कापडावर साडेतीन टक्के जकात होती. ही क्षुल्लक जकातही लँकेशायरच्या गिरणीवाल्यांस खुपली, म्हणून हिंदी गिरण्यांच्या कापडावरही तेवढाच साडेतीन टक्के कर लादण्यांत आला! आपल्याच देशांत विणलेलें व आपल्याच देशांत विकलें जाणारें कापड, आणि त्यावर परक्या गिरण्यांच्या सोयीसाठीं कर. १९२५ च्या डिसेंबरांत त्याची वसुली थांबेपर्यंत मुंबई व अहमदाबाद येथील गिरण्यांनीं तो भरला. ज्या देशाच्या हातीं स्वतःची जकात ठरविण्याचा अधिकार नसतो, त्याची स्थिति कशी होते हें त्या पिढीनें डोळ्यांनीं पाहिलें. म्हणून जकातीचें नांव काढतांच आपल्या वडील मंडळींस स्वाभिमान आठवतो, आणि आम्हांस तो योग्यच वाटतो. मात्र स्वाभिमानाच्या नांवाखालीं आलेलें प्रत्येक बिल न वाचतां भरावें, असें त्यावरून ठरत नाहीं.

सर इब्राहिम रहिमतुल्ला यांच्या अध्यक्षतेखालीं १९२१–२२ सालीं जें मंडळ नेमलें गेलें, त्यानें या बाबतींत शहाणपणाचा विचार केला होता. सरसकट सर्व धंद्यांस संरक्षण न देतां, ज्या धंद्यास कच्चा माल व मोठा बाजार देशांतच आहे, मदतीवांचून जो वाढणार नाहीं, आणि पुढें मदतीवांचूनच उभा राहूं शकेल, अशा धंद्यासच तें द्यावें, असें त्याचें म्हणणें होतें. १९२४ च्या पोलादाच्या कायद्यानें जकातीबरोबरच आगगाडीच्या रुळांसाठीं कारखान्यास सरकारी तिजोरींतून रोख अनुदानही दिलें. आम्हांस ही दुसरी रीत अधिक सरळ वाटते. अनुदान अर्थसंकल्पांत छापलें जातें, त्यावर सभेंत प्रश्न विचारतां येतो. जकातीचा भार दुकानदाराच्या बिलांत दडून बसतो, आणि त्यास प्रश्न कोण विचारणार?

साखरेची कथा या दृष्टीनें फार बोधप्रद आहे. १९३० च्या सुमारास हिंदुस्थानांत ऊंस पुष्कळ पिके, पण त्याचा बहुतेक गूळ होई. पांढरी साखर येई ती मुख्यत्वें जावा बेटांतून. १९३०–३१ सालीं सुमारें १० लाख टन साखर बाहेरून आली. जगभर मंदी पसरल्यामुळें तिचा भाव इतका उतरला होता, कीं येथील कारखान्यानें तिच्याशीं टक्कर देण्याची गोष्टच नको. १९३२ च्या कायद्यानें तीवर दर हंड्रेडवेटास ७ रुपये ४ आणे संरक्षक जकात बसली, आणि वर चौथाईचा अधिभार होताच. हंड्रेडवेट म्हणजे ११२ रत्तल. आमच्या विद्यार्थ्यांनीं भागाकार करून पाहावा, रत्तलामागें एक आण्याहून अधिक जकात निघते. श्रीमंताच्या बासुंदींतील साखरेवर आणि मजुराच्या चहांतील साखरेवर ती एकाच दरानें पडली.

त्याच्या मोबदल्यांत देशास काय मिळालें? पांच वर्षांत कारखान्यांची संख्या सुमारें ३० वरून १३० च्या वर गेली, व जावाची साखर बाजारांतून बहुतेक नाहींशी झाली. आपल्या भागांत रावळगांव, वालचंदनगर, माळीनगर येथील कारखाने त्याच दशकांत उभे राहिले. जेथें माळरान होतें तेथें वस्ती झाली, उंसास नवें गिऱ्हाईक मिळालें, आणि पुढें वालचंदनगरांत साखर कारखान्यांचीं यंत्रेंही घडूं लागलीं. १९५० सालीं प्रवरेच्या काठीं लोणी येथें विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नानें शेतकऱ्यांच्या मालकीचा सहकारी कारखाना सुरू झाला, तेव्हां साखर करण्याची विद्या या देशांत नवखी राहिली नव्हती. रत्तलामागें दिलेला तो आणा सर्वस्वीं वायां गेला, असें म्हणणारा मनुष्य अहमदनगर जिल्ह्यांत फिरलेला नसावा.

तथापि हिशेबाची दुसरी बाजूही आहे. बाहेरची साखर येईनाशी झाली, तशी सरकारची जकातही बुडाली. कारण जी जकात मालास पुरती अडविते, ती तिजोरींत कांहींच आणीत नाहीं. ही तूट भरण्यास १९३४ सालीं देशी साखरेवरच उत्पादन-कर बसला. कारखानदार संरक्षण घेतो, पण उंसास भाव देत नाहीं, अशी ओरड झाल्यावरून त्याच वर्षीं उंसाचा किमान भाव ठरविण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांस देणारा कायदा करावा लागला. म्हणजे जकातीचा लाभ आपोआप पाझरत शेतकऱ्यापर्यंत जात नाहीं, हें पहिल्या दोन वर्षांतच कळून चुकलें. पुढें कारखाने फार झाले, आपसांत चढाओढ लागली व भाव उतरूं लागले. गिऱ्हाइकास सुख होण्याची हीच वेळ. पण १९३७ मध्यें संयुक्त प्रांत व बिहार येथील कारखानदारांनीं विक्रीसाठीं संघ स्थापून भाव सांवरून धरले. बाहेरची दारें बंद असलीं, कीं आंतल्यांस एकत्र होणें सोपें जातें.

एवढें असूनही साखरेच्या बाबतींत एक गोष्ट चांगली होती. चौकशी आधीं झाली, जकात मागून आली. आणि कायद्यानें १९४६ पर्यंतची मुदत घालून दिली होती. ती पुढें लांबली, ही गोष्ट निराळी; पण कारखाना काढणारास, ऊंस लावणारास व साखर घेणारास आपण कोठें उभे आहों हें ठाऊक होतें. जेथें मुदतच नसते, तेथें काय होतें याचें उदाहरण म्हणून आम्ही ॲम्बॅसेडर मोटारीकडे बोट दाखवूं. मॉरिस ऑक्सफर्ड या इंग्रजी गाडीवरून घेतलेली ही मोटार १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून २०१४ पर्यंत बंगालमध्यें उत्तरपाडा येथें तयार होत होती, आणि इतक्या वर्षांत तिचें रूप फारसें पालटलें नाहीं. परवाने व जकात अशा दोन भिंतींआड बसलेल्या कारखानदारास तें पालटण्याची निकड तरी काय होती? १९९१ च्या अर्थसंकल्पानें जकातीचा सर्वांत चढा दर उतरवून १५० टक्क्यांवर आणला. उतरविलेला दर हा, तर आधींचा किती असेल!

आतां आपल्या स्वयंपाकघरांतील तेलाकडे येऊं. भारतास लागणाऱ्या खाद्यतेलाचा निम्म्याहून अधिक भाग बाहेरून येतो. पामतेल इंडोनेशिया व मलेशियांतून, सोयाबीनचें तेल अर्जेंटिना व ब्राझीलमधून. सप्टेंबर २०२४ मध्यें मराठवाडा व विदर्भ येथील बाजारांत सोयाबीनचा भाव क्विंटलला ४,८९२ रुपये या हमीभावाखालीं गेलेला होता. तेव्हां सरकारनें कच्च्या तेलावरील एकंदर जकात साडेपांच टक्क्यांवरून साडेसत्तावीस टक्क्यांवर, आणि शुद्ध केलेल्या तेलावरील पावणेचौदा टक्क्यांवरून पावणेछत्तीस टक्क्यांवर नेली. ऐन सणासुदीच्या तोंडावर तेल महागलें. सोयाबीनचा भाव मात्र हंगामांत बहुतेक ठिकाणीं हमीभावास पोंचला नाहीं.

असें कां व्हावें? सोयाबीनच्या दाण्यांत तेल असतें सुमारें अठरा टक्के. बाकीची बहुतेक पेंड. जकात बसली ती तेलावर. पेंडीचा भाव ठरतो तो जगाच्या बाजारांत व पशुखाद्याच्या मागणीवर, आणि तेथें तर मक्यापासून इथेनॉल काढल्यावर उरणारा स्वस्त चोथा तिचा प्रतिस्पर्धी होऊन बसला होता. आमच्या वर्गांत एकाच बांकावर सोयाबीन पिकविणाऱ्याचा मुलगा आणि महिन्याच्या पगारावर तेल विकत घेणाऱ्याची मुलगी बसत असेल. एकाच्या घरीं भाव आला नाहीं, दुसरीच्या घरीं खर्च वाढला. आणि दोघांस सांगण्यांत आलें तें हेंच, कीं जकात शेतकऱ्यासाठीं आहे. दाण्याच्या ज्या भागास जकात स्पर्शही करीत नाहीं, त्याचा विचार आधीं झाला असता, तर खरेदी-केंद्रांवर अधिक माल घेण्यास किंवा भावांतील फरक शेतकऱ्याच्या खात्यांत थेट भरण्यास किती पैसा लागेल, हें तरी उघड मांडावें लागलें असतें. तो खर्च कदाचित् अधिकही निघाला असता. पण तो दिसला असता.

महागाईची ओरड वाढली, आणि ३० मे २०२५ रोजीं कच्च्या तेलावरील जकात साडेसोळा टक्क्यांवर उतरविण्यांत आली. शुद्ध तेलावरील होती तशीच राहिली. या दोहोंतील सव्वाएकोणीस टक्क्यांच्या अंतरामुळें तेल शुद्ध करणाऱ्या देशी कारखान्यांस चांगलें काम मिळेल, व तें आम्हांस वावगें वाटत नाहीं. पण साखरेस चौदा वर्षांची मुदत मिळाली होती. येथें साडेआठ महिन्यांत दर फिरला. आणि फिरला तो अशा वेळीं, कीं बियाणें घरांत आणून ठेवून शेतकरी मृगाच्या पावसाची वाट पाहत होता.