शिकणे दिसावे, पण कोणाला?

मुलाचा अभ्यास कसा चालला आहे हे घरच्या माणसांना कळण्याचा मार्ग आपल्याकडे पिढ्यानपिढ्या एकच आहे : गुणपत्रक. ते वर्षातून दोन-तीनदा येते आणि त्यावरच्या आकड्यांवरून घरात कौतुक तरी होते किंवा बोलणी तरी बसतात. बीजगणितात बेचाळीस गुण पडले म्हणजे मुलाला नेमके काय आले आणि त्याचे कोठे अडले, हे मात्र आकडा सांगत नाही. शिक्षकांची स्थितीही फारशी निराळी नाही. साठ मुलांच्या वर्गात 'समजले का?' असे विचारले की 'हो सर' असा एकमुखी होकार येतो, आणि ज्यांना समजलेले नाही तेही त्यात सूर मिसळतात. शिकणे हे आत चालणारे काम; ते बाहेरून दिसत नाही. ते दिसू लागावे म्हणून माध्यमिक शाळांतून मोबाईल, संगणक व पडदा यांचा उपयोग करावा, हा विचार आता जोर धरीत आहे. त्याचे आम्ही स्वागत करतो. तथापि दिसावे ते कोणाला आणि कशासाठी, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे.

बडोद्याला अशा प्रयोगांचे नवल वाटण्याचे कारण नाही. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली तालुक्यात सक्तीच्या मोफत शिक्षणाचा प्रारंभ केला आणि १९०६ साली ते साऱ्या राज्याला लागू केले. १९१० साली अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना आणून ग्रंथालयांचे जाळे विणले. त्या ग्रंथालय खात्याला दृश्य शिक्षणाची स्वतंत्र शाखा होती आणि जादूच्या कंदिलाची चित्रे व चित्रपट लोकांना दाखवणे हे तिचे काम होते. त्या काळी जग शिकणाऱ्याला दाखवायचे होते. आजचे काम उलट दिशेचे आहे. शिकणाऱ्याच्या मनात काय उमटले, ते शिकवणाऱ्याला दिसायला हवे.

ते कसे साधते याचे एक साधे उदाहरण घेऊ. अंतर आणि काळ यांचा आलेख नववीत शिकवतात. वर चढणारी रेघ पाहून अनेक मुले ती गाडी डोंगर चढत आहे असे समजतात; आलेखाला ती चित्र मानतात. तोंडी प्रश्नोत्तरांत ही चूक झाकली जाते, कारण हात वर करणारी चार मुले ठरलेली असतात. आता प्रत्येक मुलाच्या हाती छापील पुठ्ठ्याचे एक कार्ड द्यायचे. ते ज्या बाजूने उभे धरावे त्यावरून अ, ब, क किंवा ड हे उत्तर ठरते. शिक्षक आपला मोबाईल वर्गावरून फिरवतात आणि कोणी काय उत्तर दिले ते त्यांना थोडक्या वेळात दिसते. मुलांजवळ मोबाईल असण्याची गरजच नाही. निम्म्या वर्गाला डोंगर दिसत आहे असे कळले की धडा पुढे रेटायचा नाही. शेजाऱ्याशी वाद घालून त्याला पटवा, असे मुलांना सांगायचे आणि मग पुन्हा कार्डे उचलायची. हार्वर्डचे प्राध्यापक एरिक माझूर यांनी १९९१ पासून पदार्थविज्ञानाच्या वर्गात प्रश्न, चर्चा आणि पुन्हा प्रश्न हाच क्रम चालवला.

दुसरा उपाय याहूनही सोपा आहे. एखाद्या मुलाची वही कॅमेऱ्याखाली धरून तिच्यातली खाडाखोड पडद्यावर दाखवायची. सुबक उत्तर फळ्यावर असतेच. ते कोणत्या वाटेने निघाले आणि वाट कोठे चुकली, हे खाडाखोडीतच कळते. निबंध संगणकावर लिहिला तर आधीचे मसुदे जपून राहतात आणि पहिला व तिसरा शेजारी ठेवता येतात. आपण सुधारलो ही गोष्ट मुलाला गुणांविना, स्वतःच्या डोळ्यांनी दिसते.

ही इच्छा मात्र नवी नव्हे. डॉ. लक्ष्मणस्वामी मुदलियार यांच्या अध्यक्षतेखालील माध्यमिक शिक्षण आयोगाने १९५२-५३ सालीच शिफारस केली होती की प्रत्येक विद्यार्थ्याच्या वर्षभराच्या कामाची नोंद शाळेने ठेवावी व अंतिम मूल्यमापनात ती जमेस धरावी. पुढे २००९ साली केंद्रीय माध्यमिक मंडळाने नववी-दहावीला सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आणले. हेतू उत्तम होता. पण प्रत्येक तक्त्याला आणि प्रकल्पाला गुण जोडले गेले आणि प्रकल्पाच्या वह्या आईबापांच्या हातून किंवा दुकानातून तयार होऊन येऊ लागल्या. २०१७-१८ पासून दहावीची मंडळाची परीक्षा पुन्हा सर्वांना सक्तीची झाली. यातून घ्यायचा धडा उघड आहे. नोंदीला गुण चिकटले की नोंद खोटी होऊ लागते. चूक दाखवून नुकसान होणार असेल तर कोणते मूल चूक दाखवील? २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने मूल स्वतः, त्याचे सोबती आणि शिक्षक या तिघांच्या नोंदी असलेल्या प्रगतिपत्रकाची कल्पना मांडली आहे. तिलाही हीच भीती आहे.

दुसरी भीती पाळतीची. गांधीनगरच्या विद्या समीक्षा केंद्रात राज्यभरातील शाळांची हजेरी व चाचण्यांचे निकाल पडद्यावर पाहता येतात. कारभाराला त्याचा उपयोग आहे, हे मान्य. पण इतक्या दुरून दिसतो तो आकडा; वहीतली खाडाखोड वर्गातच पाहावी लागते. वर्गात कॅमेरा लावल्याने मूल बाकावर आहे एवढे कळते, त्याचे डोके कोठे आहे ते कळत नाही. शिवाय मुलाची चुकीची उत्तरे, अडखळते वाचन, आवाज व चेहरा या त्याच्या खाजगी गोष्टी आहेत. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानले आहे आणि त्याच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची अट घातली आहे. शिक्षणसंस्थांना काही सवलती आहेत. पण कायद्याने सवलत दिली म्हणून विवेकाला सुटी मिळत नाही.

आपल्या घरांपुढे याखेरीज एक निराळी अडचण आहे. नातवंडे इंग्रजी वा गुजराती माध्यमात शिकतात, घरची भाषा मराठी. आजोबांनी हिशेबात आयुष्य घालवले असले तरी नातवाच्या गणिताच्या पुस्तकाशी त्यांची ओळख उरत नाही. शाळेत काय चालले आहे ते घराला दिसेनासे होते आणि घराजवळ जे आहे ते मुलापर्यंत पोचत नाही. यावर मोबाईलचा सरळ उपयोग आहे. आठवड्यातून एकदा मुलाने एखादा धडा दोन मिनिटांत मराठीतून समजावून सांगावा, तो ध्वनिमुद्रित करावा आणि घरच्यांनी ऐकून शंका विचाराव्यात. पाठ केलेले वाक्य दुसऱ्या भाषेत नेताना अडखळते, समजलेली गोष्ट सहज जाते. यात मराठीचा सांभाळ होईलच. पण त्याहून मोठा लाभ हा की मुलाला काय समजले ते त्याला स्वतःला कळेल.

शाळांना आमच्या तीन सूचना आहेत. अशा नोंदींना गुण देऊ नयेत. कोणती नोंद कोण पाहणार आणि ती केव्हा पुसली जाणार, हे पालकांना आधी सांगावे. आणि शिक्षकांच्या वेळेचा हिशेब ठेवावा. साठ मुलांची दोन-दोन मिनिटांची मुद्रणे ऐकायची म्हटली तरी दोन तास जातात, मग प्रत्येक विषयाची कोण ऐकणार? दिवसाला पाचच ऐकावीत, पण नीट ऐकावीत. साधन कितीही चांगले असले तरी वाचणारा, ऐकणारा आणि उलट प्रश्न विचारणारा माणूस समोर नसेल, तर साठवलेल्या नोंदी कपाटात बंद राहिलेल्या वह्यांसारख्याच होत.