कबुतराची जाळी मांजराला पुरत नाही

मुंबई, ठाणे, पुण्यातल्या कुठल्याही नव्या वसाहतीत विजेच्या खांबावर, लिफ्टशेजारच्या फळ्यावर किंवा वॉचमनच्या टेबलाच्या काचेखाली एक कार्ड हमखास सापडतं: ‘कबुतर जाळी बसवून मिळेल’. हा धंदा गेल्या काही वर्षांत असा फोफावला आहे की मोठ्या शहरात जाळीवाला शोधायला फोनसुद्धा हातात घ्यावा लागत नाही. त्याच माणसाला एखाद्या घरातून ‘आमच्याकडे मांजर आहे, तिच्यासाठी बाल्कनी बंद करून द्याल का?’ अशी विचारणा झाली, तर उत्तर बहुतेक ठरलेलं असतं: ‘हीच जाळी चालते, काही होत नाही.’ माझं म्हणणं असं आहे की ती चालत नाही. कबुतर बाहेर ठेवणं आणि मांजर आत ठेवणं ही दोन वेगळी कामं आहेत. त्यातलं दुसरं काम नीट शिकून घेणाऱ्या फॅब्रिकेटरला किंवा आयटीआयमधून वेल्डर होऊन बाहेर पडलेल्या मुलाला त्यावर बऱ्यापैकी पोट भरता येईल.

आधी गरजेचं बोलू. मांजर कसंही पडलं तरी पायावर पडतं, हे आपल्याकडे पोरासोरांनाही ठाऊक असतं आणि ते खोटं नाही. एत्येन-ज्यूल मारे या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८९४ मध्ये पडणाऱ्या मांजराची एकामागून एक छायाचित्रं टिपून ते हवेत अंग कसं वळवतं हे दाखवून दिलं होतं. पण पायावर पडणं आणि धडधाकट उरणं यात बराच फरक आहे. न्यूयॉर्कमधल्या एका पशुरुग्णालयात इमारतींवरून पडलेल्या १३२ मांजरांच्या नोंदी १९८७ मध्ये प्रसिद्ध झाल्या. त्यातल्या उपचार झालेल्यांपैकी नव्वद टक्के जगली, हा आकडा तेव्हापासून कौतुकाने सांगितला जातो. त्याच नोंदींत एक तृतीयांशाहून जास्त मांजरांना जीव वाचवण्यासाठी तातडीचे उपचार करावे लागले, हे मात्र कोणी सांगत नाही. छातीला मार, फुटलेला जबडा, दुभंगलेली टाळू, मोडलेले पाय अशी ती यादी आहे. शिवाय खाली पडून जागीच गेलेलं मांजर दवाखान्यात कोण नेणार? म्हणजे नव्वद टक्के हा आकडा दवाखान्याच्या दारापर्यंत पोहोचलेल्यांचा आहे. २००४ मध्ये झाग्रेबहून ११९ मांजरांचा असाच अभ्यास आला. त्यात साधारण साठ टक्के मांजरं वर्षाच्या आतली होती. घरात नवं पिल्लू आणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवायला हवं, कारण आपल्याकडे जाळीचा विचार पिल्लू ‘जरा मोठं झाल्यावर’ केला जातो.

आपल्या शहरांत या धोक्याला एक स्थानिक कारणही जोडलं गेलं आहे. जुन्या मुंबईच्या चार मजली इमारतींत खिडकीबाहेर दीड-दोन फूट आलेली लोखंडी बॉक्स ग्रिल असायची. तिच्यात तुळशीची कुंडी, वाळत घातलेलं पायपुसणं, लोणच्याची बरणी आणि या सगळ्यांच्या मधोमध उन्हाला पसरलेलं मांजर असायचं. अमेरिकेत आज ज्याला ‘कॅटिओ’ म्हणून पैसे मोजतात, ते आपल्याकडे कोणी मांजरासाठी न बनवताही भिंतीला टांगलेलं होतं. गज तीन-चार इंच अंतरावर असल्यामुळे ते पूर्ण सुरक्षित नव्हतं, हे खरं. तरी पाय घसरला तर खाली पत्रा होता. नव्या टॉवरांनी इमारतीचा दर्शनी भाग एकसारखा दिसावा म्हणून या ग्रिलांना मनाई केली. त्यांच्या जागी ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या आणि जमिनीपासून छतापर्यंतच्या काचा आल्या. खिडकीच्या कट्ट्यावर गुळगुळीत ग्रॅनाइट आला. त्यात मांजराची नखं रुतत नाहीत. समोरच्या एसीवर कबुतर उतरलं की मांजराचं सगळं चित्त तिथे जातं, आणि त्या एका क्षणात मागचा पाय निसटतो. इमारती उंच झाल्या आणि अडवणारी वस्तू तेवढी गेली.

आता जाळीकडे वळू. कबुतरासाठीच्या नायलॉनच्या जाळीचं भोक बहुधा दोन इंचांच्या आसपास असतं, कारण कबुतर त्यातून जात नाही एवढंच पाहायचं असतं. दोन-अडीच महिन्यांचं मांजराचं पिल्लू मात्र त्यात डोकं घालतं आणि डोकं गेलं की बाकीचं अंग जवळपास सगळं जातं. मांजरासाठी एक इंचाच्या आसपासचं भोक हवं. दुसरी गोष्ट ताणाची. कबुतर जाळीवर जोर लावत नाही, जाळी दिसली की वळतं. चार किलोचं मांजर तीच जाळी चढण्याची वस्तू समजतं. उडी मारून चारही पंजांनी लटकतं, कोपऱ्यात बसून तासभर दातांनी दोरा चावतं. कडेचे हूक फूटभर अंतरावर मारलेले असले, की दोन हुकांच्या मध्ये जाळी फुगते आणि भिंत व जाळी यांच्यात मांजराला पुरेल एवढी फट तयार होते. मांजर निसटतं ते बहुधा त्या फटीतून, जाळीच्या मधल्या भागातून नव्हे. तिसरी गोष्ट उन्हाची. नायलॉन उन्हात कुजतं. पश्चिमेच्या बाल्कनीतली जुनी जाळी लांबून अगदी शाबूत दिसते, पण वरच्या कडेचा एक दोरा दोन बोटांत धरून झटका दिला की सुतासारखा तुटतो. घरमालकाला हे कळायला मार्ग नाही, कारण खालचा, सावलीतला भाग अजून मजबूतच असतो. आणि सैल पडलेल्या, फाटक्या जाळीत कबुतरं आणि साळुंक्या अडकून मरतात, तो ताप वेगळाच.

कामाची ही माहिती असलेला माणूस काय वेगळं करेल? घरात लहान पिल्लू किंवा चावखोर मांजर असेल तर तो नायलॉनऐवजी स्टीलची किंवा जस्ताचा मुलामा दिलेली वेल्ड मेश सुचवेल. ती चौकटीत बसवेल, म्हणजे चौकट काढून धुता येईल. समुद्राजवळ, म्हणजे वरळीपासून वसईपर्यंत आणि गोव्याच्या किनाऱ्यावर, ३०४ प्रतीच्या स्टीललाही खाऱ्या हवेचे तांबूस डाग पडतात, म्हणून तिथे ३१६ प्रत सांगेल आणि ती महाग का हेही सांगेल. त्यात मॉलिब्डेनम असतं, ते मिठाच्या हवेला तोंड देतं. सध्या ‘इन्व्हिजिबल ग्रिल’ म्हणून उभ्या तारांचं जे काम चालतं, ते दिसायला छान असलं तरी तारांमधलं अंतर पिल्लासाठी जास्त आहे, हे तो धंदा बुडेल या भीतीने लपवणार नाही. भिंतीत भोकं मारल्यावर ती सील करेल, नाहीतर पहिल्या पावसात गिऱ्हाइकाच्या खोलीत ओल येते आणि भांडण जाळीवाल्याशी होतं. इतकंच नव्हे, कुंड्यांवरही नजर टाकेल. खरी लिली आणि डे-लिली ही झाडं मांजराची मूत्रपिंडं निकामी करू शकतात, आणि आपल्या बाल्कन्यांत सर्रास लटकणारा मनीप्लँट चावला तर तोंड आणि घसा पोळतो. चौकटीच्या आत वेगवेगळ्या उंचीवर तीन-चार फळ्या, काथ्या गुंडाळलेला एक खांब, गव्हाचं हिरवं गवत उगवलेली एक कुंडी आणि दुपारच्या उन्हात सावलीचा एक कोपरा असला, की काम पूर्ण झालं. काथ्या तर आपल्या कोकणातच मिळतो.

परदेशातलं उदाहरण इथे कोणीतरी देईलच, म्हणून तेही तपासून पाहू. ऑस्ट्रेलियाची राजधानी कॅनबरा ज्या प्रदेशात आहे, तिथे १ जुलै २०२२ नंतर जन्मलेलं प्रत्येक पाळीव मांजर मालकाच्या हद्दीत ठेवणं बंधनकारक आहे. जर्मनीतल्या वाल्डॉर्फ गावात त्याच वर्षी चंडोल जातीच्या एका दुर्मीळ पक्ष्याची पिल्लं वाचावीत म्हणून ऑगस्टअखेरपर्यंत मांजरं घरात कोंडण्याचा हुकूम निघाला. अमेरिकेतल्या पोर्टलंडमध्ये पक्षिप्रेमी आणि भटक्या मांजरांसाठी काम करणारे, एरवी एकमेकांशी भांडणारे हे दोन पक्ष २०१३ पासून एकत्र येऊन लोकांना घरोघरचे कॅटिओ दाखवण्याची सहल काढू लागले. तिथे हा विषय पक्ष्यांचा आहे. अमेरिकेत मांजरं वर्षाला १.३ ते ४ अब्ज पक्षी मारतात, असा अंदाज २०१३ मध्ये मांडला गेला. त्याच अंदाजाप्रमाणे त्यातला मोठा वाटा बिनमालकाच्या मांजरांचा आहे, त्यामुळे पाळीव मांजराला जाळी लावून पक्ष्यांचा प्रश्न सुटला असं म्हणणं म्हणजे स्वतःची फसवणूक. आपल्याकडे मुद्दा उंचीचा आहे, कुत्र्यांचा आणि रस्त्यावरच्या गाड्यांचा आहे. तिथे मागीलदारी परसू असतं, त्यात लाकडी सांगाडा उभा राहतो. तसला सांगाडा आपल्या पावसात आणि वाळवीपुढे किती टिकेल? तिथे कायदाच गिऱ्हाईक आणून देतो, इथे ते समजावून मिळवावं लागेल. म्हणजे तिकडचे आराखडे उचलून चालणार नाही. काम बाल्कनीच्या मापाने, इथल्या हवेला धरून, इथल्याच कारागिराने करायचं आहे.

सर्वांत गंभीर आक्षेप मांजरप्रेमींकडूनच येतो: मांजर हे मोकळं जनावर, त्याला पिंजऱ्यात घालता? हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातच, प्राण्याला पुरेशी हालचाल करता येणार नाही अशा मापाच्या पिंजऱ्यात ठेवणं हा गुन्हा मानला आहे. दोन बाय दोनच्या खिडकीत मांजर दिवसभर कोंडून दार लावून घेणारं गिऱ्हाईक आलं, तर कारागिराने नाही म्हणावं. पण घराला जोडलेली, आत-बाहेर करायला उघडी असलेली जाळीची बाल्कनी आणि पिंजरा यांत घोळ करू नये. अकराव्या मजल्यावरच्या मांजरापुढे ‘मोकळेपणा की जाळी’ असा पर्याय नसतोच. त्याच्यापुढे बंद काच किंवा जाळीमागचा वारा, एवढेच दोन पर्याय असतात. तळमजल्यावरच्या किंवा बंगल्यातल्या मांजराबद्दल मी इतक्या ठामपणे बोलणार नाही. पुण्याच्या एखाद्या शांत गल्लीत निर्बीजीकरण केलेलं, लसी घेतलेलं, वयाने पोक्त मांजर कुंपणावरून फिरत असेल, तर त्याच्या मालकाला घाबरवून जाळी विकणं हा धंदा असला तरी सल्ला नव्हे.

दुसरी अडचण सोसायटीची. प्राणी पाळायला सोसायटी सरसकट बंदी घालू शकत नाही, हे केंद्राच्या प्राणी कल्याण मंडळाने आपल्या सूचनांत स्पष्ट केलं आहे. पण त्यातून दर्शनी भागावर काहीही ठोकायची मुभा मिळत नाही, आणि सेक्रेटरीची कुरकुर दर वेळी अन्याय्य असते असंही नाही. यावर उत्तर वकिलीचं नाही, कामाचं आहे. जाळी रेलिंगच्या आतल्या बाजूने, आपल्याच हद्दीत. रंग काळा, कारण काळी जाळी खालून जवळजवळ दिसत नाही, पांढरी लगेच दिसते. अर्जासोबत मापांचं साधं रेखाटन आणि आधी केलेल्या कामाचा फोटो जोडला, तर समितीला नाही म्हणायला कारण उरत नाही. आगीच्या वेळी सुटका व्हावी म्हणून चौकटीला आतून उघडणारी, माणूस बाहेर पडेल एवढी खिडकी ठेवायची, हे मात्र गिऱ्हाईक नको म्हणालं तरी सोडायचं नाही. भाड्याच्या घरासाठी भिंतीला भोक न पाडता जमीन आणि छत यांच्यात दाबून उभ्या राहणाऱ्या खांबांची चौकट करता येते. मुंबई-पुण्यात तरुण मांजरवाल्यांतले किती तरी जण भाडेकरू आहेत.

उरला प्रश्न पैशाचा. चौरस फुटाला अमुक रुपये या दराने ही सेवा विकली, की ती कबुतरजाळीच्या स्पर्धेत लगेच हरते, कारण समोरचा नेहमी दोन रुपये कमी सांगतो. त्याऐवजी अंदाजपत्रक कलमवार द्यावं: जाळीची प्रत, हुकांमधलं अंतर, चौकट, फळ्या, मजुरी. त्यात बाहेरच्या बाजूला काम करणाऱ्याच्या कमरेचा पट्टा आणि दोर हेही एक कलम हवं. बाराव्या मजल्याच्या कठड्यावर पट्ट्याशिवाय उभं राहून मांजराच्या सुरक्षिततेची जाळी बसवणारा मुलगा हे दृश्य आजही नवं नाही, आणि स्वस्त दर बऱ्याचदा तिथूनच निघतो. खरी कमाई मला वर्षाच्या तपासणीत दिसते. पाण्याच्या फिल्टरची आणि लिफ्टची वार्षिक देखभाल आपण बिनतक्रार भरतो. दर वर्षी पावसाळ्यानंतर येऊन दोरे ओढून पाहणं, गंजलेले हूक बदलणं, सैल कड ताणणं याला अर्धा तास लागतो. त्यातून दीडशे-दोनशे घरांचा बांधलेला वर्ग मिळाला तर महिन्याला ठरावीक पैसा येतो. भांडवल फारसं नाही: ड्रिल, कटर, छोटं वेल्डिंग मशीन, स्कूटर. मुद्रा योजनेच्या ‘शिशु’ गटातलं पन्नास हजारांपर्यंतचं कर्ज सुरुवातीला पुरण्यासारखं आहे. केवळ मांजरांवर पहिल्या वर्षी घर चालणार नाही, हे मान्य. पण तीच बारीक, ताणलेली जाळी रांगणाऱ्या मुलाच्या घरातही लागते, आणि कबुतरजाळीचं काम बंद करायला कोणी सांगत नाही.

पहिली गिऱ्हाइकं पशुवैद्यकाच्या दवाखान्यातून येतील, कारण पिल्लाच्या पहिल्या लसीला आलेल्या माणसाला खिडकीबद्दल विचारणारं तिथे कोणीतरी असतं. तिथे ठेवायच्या कार्डावर ‘शंभर टक्के गॅरंटी’ असं छापू नये. जाळी कोणत्या प्रतीची आहे, पुढची तपासणी कोणत्या महिन्यात आहे, आणि जाळी नसलेल्या स्वयंपाकघराच्या खिडकीची जबाबदारी घरमालकाची आहे, हे बिलावर लिहून त्याची सही घ्यावी.