गोष्टीतला लांडगा

उन्हाळ्याची सुटी जवळ आली, की शाळेच्या दारात पालकांची एक मागणी ठरलेली असते : "गुरुजी, मुलाला सुटीत वाचावयास काही द्या. मात्र मारामारीचे नको आणि भुताखेतांचे नको." अशा वेळी आम्ही कपाटातून प्राण्यांच्या साहसकथा काढून देतो. मुखपृष्ठावर हत्ती किंवा हरिण दिसले, की पालक निर्धास्त होतात. प्राण्यांची गोष्ट म्हणजे निरुपद्रवी, बाळबोध वाङ्मय, अशी समजूत आपल्या घराघरांत रुजलेली आहे. मराठी वाङ्मयाची पदवी पदरी असूनही आम्ही पुष्कळ वर्षे हीच समजूत बाळगून होतो. ती ज्या मुलाने दूर केली, त्याची हकीकत आज सांगावयाची आहे.

आमची सरकारी मराठी शाळा बेळगाव जिल्ह्याच्या कोरड्या पट्ट्यात आहे. पाऊस बेताचा, जमीन मुरमाड, आणि गावाबाहेर पडले की माळच माळ. पिके निघाली, की रानांत मेंढ्या बसविण्यासाठी धनगरांचे कळप येतात. त्यामुळे वर्गात धनगरांची दोनचार मुले असतातच. शनिवारचा शेवटचा तास सातवीच्या वर्गाला गोष्ट सांगण्याचा, हा आमचा जुना शिरस्ता. एका शनिवारी आम्ही लोबोची गोष्ट सांगावयास घेतली.

लोबो हा अमेरिकेतील न्यू मेक्सिको प्रदेशाच्या करंपॉ खोऱ्यातला लांडगा. या स्पॅनिश शब्दाचा अर्थच मुळी लांडगा असा आहे. त्याच्या टोळीने गुरांच्या मालकांना इतके जेरीस आणले होते, की त्याच्या डोक्यावर एक हजार डॉलरचे इनाम लागले. अर्नेस्ट थॉम्पसन सेटन हा निसर्गाचा अभ्यासक व चित्रकार १८९३ साली त्याला मारण्याच्या कामगिरीवर तेथे गेला. त्याने मांसाच्या तुकड्यांत विष भरून ते रानात टाकले. लोबोने ते तुकडे तोंडात धरून एका जागी गोळा केले आणि त्यांवर घाण करून तो निघून गेला! या ठिकाणी आमच्या वर्गात जो हशा पिकला, तो शेजारच्या वर्गापर्यंत गेला असावा. नंतर सेटनने सापळे लावले; लोबोने तेही ओळखले. अखेर त्याची जोडीदारीण, पांढरी ब्लँका, सापळ्यात सापडली व मारली गेली. सेटनने तिचे प्रेत जमिनीवरून ओढत नेऊन शंभरावर सापळ्यांभोवती तिचा वास पसरविला. तिला शोधीत आलेला लोबो चारी पायांनी सापळ्यांत अडकला.

येथवर आम्ही सारे जसेच्या तसे सांगितले. वर्ग श्वास रोखून ऐकत होता. पुढच्या बाकावरच्या एका मुलीचे डोळे भरून आले होते. ते पाहून आमचा धीर सुटला, आणि आमच्या तोंडचा लोबो एक जोराचा हिसडा देऊन सापळ्यांतून निसटला, डोंगरापलीकडे गेला व सुखाने राहू लागला. मुलांनी टाळ्या वाजविल्या. मागच्या बाकावरचा धनगराचा मुलगा मात्र उभा राहिला.

"गुरुजी, चारी पाय घावल्यावर लांडगा सुटंल व्हय?"

"अरे, हा लांडगा फार शूर होता."

"शूर आसंल. पण लोखंडाला काय कळतंय?"

तेवढ्यात शाळा सुटल्याची घंटा झाली. पोर दप्तर उचलून निघून गेले. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. गुरुजींना लांडग्यातले काही कळत नाही, एवढीच त्याने मनाशी नोंद केली असावी. आम्हांला मात्र ती रात्र जड गेली. कारण लोबोचे पुढे काय झाले, हे आम्हांला पक्के ठाऊक होते.

आता कोणी म्हणेल, गोष्टच ती; तिच्यात खरे-खोटे कसले पाहावयाचे? पंचतंत्रातले कोल्हे कारस्थाने करतात, ते का खरे असते? या आक्षेपाचा विचार केला पाहिजे. पंचतंत्र कोणाची फसवणूक करीत नाही. त्यातला सिंह म्हणजे राजा, कोल्हा म्हणजे मंत्री, हे लहान मूलही पहिल्या वाक्यापासून ओळखते. किपलिंगच्या 'जंगल बुक'चेही तेच. १८९४ साली प्रसिद्ध झालेल्या या पुस्तकातले रान आपल्या मध्य प्रदेशातल्या सिवनीचे; पण लेखक ते लिहीत होता अमेरिकेतल्या व्हर्मोंटमध्ये बसून. सातपुड्यातील शिकारीवर स्टर्नडेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने लिहिलेल्या पुस्तकाचा त्याने आधार घेतला. त्याचे लांडगे सभा भरवितात, कायदे पाळतात. खरा लांडग्यांचा कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची लेकरे, एवढेच एक कुटुंब असते, हे आज अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. तरीही किपलिंगला कोणी लबाड म्हणत नाही. कारण बोलणारा लांडगा वाचकाशी आरंभीच करार करतो, की ही कल्पनेची सृष्टी आहे.

सेटनने निराळा करार केला. १८९८ साली त्याने 'मला माहीत असलेले वन्य प्राणी' अशा अर्थाच्या नावाचे पुस्तक काढले. लोबोची कथा त्यातली पहिली. या कथा खऱ्या आहेत, आणि रानातल्या प्राण्याच्या आयुष्याचा शेवट नेहमी शोकान्तच असतो, असे त्याने प्रस्तावनेतच बजावले. पुस्तक अफाट खपले आणि तशा पुस्तकांची लाटच आली. मग १९०३ साली जॉन बरोज या वृद्ध निसर्गलेखकाने 'अटलांटिक मंथली' मासिकात या मंडळींवर कोरडे ओढले. सेटनच्या एका कथेत मेंढीच्या पाठीवर बसून पळणारा कोल्हा होता. दुसऱ्या एका लेखकाच्या पुस्तकात आपल्या मोडलेल्या पायावर चिखलाचा लेप चढविणारा पक्षी होता. कल्पना करावयाची तर उघडपणे करा, परंतु तिला निसर्गाचे सत्य म्हणून मुलांच्या हाती देऊ नका, असा बरोजच्या म्हणण्याचा मथितार्थ. वाद इतका पेटला, की १९०७ साली राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी त्यात उडी घेऊन अशा लेखकांना 'निसर्गाचे बनावटकार' ठरविले. 'व्हाइट फँग'चा कर्ता जॅक लंडनही त्या तडाख्यातून सुटला नाही.

या वादात आम्हांला सर्वांत मोलाची वाटते ती सेटनची पुढची वागणूक. तो रुसून बसला नाही. त्याने आपल्या नोंदी काढल्या, अभ्यास वाढविला आणि उत्तर अमेरिकेतील सस्तन प्राण्यांवर मोठमोठे शास्त्रीय ग्रंथ सिद्ध केले. १९२७ साली त्याला त्याबद्दल पदक मिळाले. ते पदक जॉन बरोजच्याच नावाचे होते. टीकाकाराच्या नावचे पदक टीकेच्या धन्याला मिळावे, याहून सुंदर निकाल कोणता?

आपल्याकडील एक उदाहरण तर विशेष अभिमानाने सांगावेसे वाटते. पंचतंत्रात जाळ्यासह उडून जाणाऱ्या कबुतरांचा राजा चित्रग्रीव आपण सर्वांनी शाळेत वाचला आहे. धनगोपाल मुखर्जी या बंगाली लेखकाने अमेरिकेत राहून आपल्या कबुतराला तेच नाव दिले आणि १९२७ साली त्याची इंग्रजी कथा प्रसिद्ध केली. हा चित्रग्रीव कलकत्त्यात वाढतो, हिमालयात ससाण्यांच्या पंज्यांतून वाचतो आणि पहिल्या महायुद्धात संदेशवाहक बनून फ्रान्समध्ये जातो. तेथून परततो तो भयाने पुरता खचून. त्याचे उडणेच थांबते. त्याचे भय कसे जाते, हा त्या पुस्तकाचा गाभा होय. मुखर्जींनी भय झाकले नाही, म्हणूनच त्याचे पुन्हा आकाशात झेपावणे खरे वाटते. या पुस्तकाला १९२८ साली न्यूबेरी पदक मिळाले. मुलांच्या इंग्रजी पुस्तकांना दिला जाणारा हा अमेरिकेतला मोठा मान होय.

मराठीत व्यंकटेश माडगूळकरांची 'सत्तांतर' ही वानरांवरची छोटी कादंबरी आहे. तिला १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. ती मुलांसाठी म्हणून लिहिलेली नाही. परंतु चौदा-पंधरा वर्षांच्या मुलामुलींच्या हाती आम्ही ती निःशंकपणे देतो. टोळीच्या सत्तेसाठी नरांमध्ये चालणारा झगडा तीत आहे आणि तो मुळीच गोड केलेला नाही. आमच्या शेजारच्या धारवाडलाच १९६०च्या दशकाच्या आरंभी सुगियामा नावाच्या जपानी शास्त्रज्ञाने वानरांच्या टोळ्यांचा अभ्यास केला होता. टोळीवर ताबा मिळविणारा नवा नर आधीची पिल्ले मारून टाकतो, हे त्याने नोंदविले. ज्या वानरांना आपण मारुतीरायाचे वंशज मानून फुटाणे घालतो, त्यांच्या संसारातले हे वास्तव आहे. ते कळल्याने भक्ती उणावत नाही. पाहण्याची दृष्टी मात्र वाढते. मारुती चितमपल्लींनी वनखात्याच्या दीर्घ नोकरीत जे पाहिले-ऐकले, ते 'रानवाटा'सारख्या पुस्तकांतून मराठीला दिले. २०२५ साली ते गेले, तेव्हा आमच्या शाळेत आम्ही शोकसभा घेतली नाही. त्यांचे एक प्रकरण वाचले.

पालकांनी पुस्तक निवडताना काय पाहावे, असे कोणी विचारले तर आम्ही तीन गोष्टी सांगू. एक, गोष्टीतला प्राणी आपल्या नाकाने, कानाने आणि पोटाने जगतो, की केवळ लेखकाची भाषणे म्हणून दाखवितो? दोन, एखादी जात जन्मतःच दुष्ट ठरविली आहे काय? साप व लांडगा यांना गोष्टींनी जेवढे बदनाम केले, तेवढे त्यांच्या दातांनी केले नसेल. आज तोच लांडगा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. अमेरिकेत तर निःपातानंतर १९९८ साली ॲरिझोना व न्यू मेक्सिकोच्या सीमेवरील रानात लांडगे पुन्हा आणून सोडावे लागले. आणि तीन, गोष्टीचा शेवट तिच्या आरंभाशी इमान राखतो काय? या तिसऱ्या कसोटीला आम्ही स्वतः उतरलो नव्हतो. गोष्ट खरी म्हणून सांगावयास घेतली आणि मध्येच करार मोडला. मुलीच्या अश्रूंची काळजी हे निमित्त होते. रडणाऱ्या वर्गापुढे उभे राहण्याची आमची तयारी नव्हती.

पुढच्या शनिवारी आम्ही वर्गात गेलो आणि प्रथम चूक कबूल केली. मग उरलेले सांगितले. सापळ्यातला लोबो जिवंत धरला गेला. त्याचे तोंड बांधून त्याला घोड्यावरून वाड्यावर आणले. गळ्यात पट्टा व साखळी घातली, पुढे मांस व पाणी ठेवले. त्याने कशाकडेही पाहिले नाही. दूर माळाकडे दृष्टी लावून तो पडून राहिला आणि सकाळी मेलेला आढळला. ते साल होते १८९४. त्याला शेवटी ब्लँकाशेजारी नेऊन ठेवले.

वर्गात कोणी बोलेना. धनगराच्या मुलाने मग हळूच विचारले, "ज्यानं मारलं, त्यानंच ही गोष्ट लिवली?"

"होय."

"मग त्याला लई वाईट वाटलं आसंल." थोडा थांबून तो पुढे म्हणाला, "आमचा आजा म्हणतो, लांडगा कोकरू नेतो त्यो त्याचा वाटा. पर ज्याचं कोकरू जातं, त्यो बी रातभर झोपत न्हाई."

लांडग्याची बाजू आणि मेंढपाळाची बाजू एका दमात मांडणारे इतके निर्मळ विवेचन आम्ही कोणत्याही समीक्षाग्रंथात वाचलेले नाही. मग मुलांत वाद सुरू झाला. विष घालावे की नाही, कुत्रे राखावे की काय करावे, इनाम लावणारा दोषी की सापळा लावणारा. घंटा झाली तरी कोणी उठेना.

सोमवारी एका मुलीचे वडील तक्रार घेऊन आले. शनिवारी रात्री लेक जेवली नव्हती. "असल्या गोष्टी कशाला सांगता?" असे त्यांनी जरा रागानेच विचारले. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. आम्ही एवढेच म्हणालो, "आज तिच्याकडून ती गोष्ट आपण ऐका. शेवटापर्यंत ऐका, आणि मग ती जेवते का ते पाहा." मंगळवारी ती मुलगी शाळेत आली आणि म्हणाली, "गुरुजी, बाबांनी दोनदा सांगायला लावली."

तेव्हा वाचकहो, या सुटीत मुलांना जवळ घेऊन रानातल्या प्राण्यांच्या गोष्टी अवश्य वाचून दाखवा. शेवटचे पान आले, की घसा थोडा दाटेल. तो दाटू द्यावा. पान मात्र उलटून टाकू नये.