खडी फुकट, मग पाकीट चाळीस रुपयांना कसं?

आजच्या व्हिडिओत मॉडेल रेल्वेच्या रुळांखाली टाकायची बारीक खडी दाखवली. इथे त्याच्या हिशोबाबद्दल माझं मत लिहितो. तुमचा धंदा मसाल्याचा असो की मेणबत्तीचा, मुद्दा तोच आहे.

छोटी रेल्वे बनवणं हा आपल्याकडेही जुना छंद आहे. पुण्यात कोथरूडला जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम आहे, पाहिलं नसेल तर एकदा जरूर पाहा. या छंदात रूळ आणि इंजिन विकत घेतल्यावर लोक अडतात ते खडीपाशी. परदेशी पाकीट महाग पडतं, म्हणून "स्वस्तात काय वापरू?" हा प्रश्न येतो. कुणी रवा टाकतो, त्याला किडे आणि मुंग्या लागतात. कुणी समुद्राची वाळू आणतो. तिच्यात मीठ असतं, रूळ गंजतात. मत्स्यालयाचे खडे या मापाला फार मोठे पडतात.

खरं उत्तर आपल्या पायाखाली आहे. महाराष्ट्राचा बराचसा भाग काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसाल्टचा. आपल्याकडच्या खऱ्या रुळांखालीही बहुतेक हाच दगड असतो. खडी क्रशरवर मिळणारी कच किंवा क्रश सँड म्हणजे त्याच दगडाचा चुरा. बांधकाम साहित्याच्या दुकानात ती अगदी स्वस्त मिळते.

आता माप बघा. रेल्वेची खडी साधारण 20 ते 65 मिलिमीटरची असते. एचओ मापाचं मॉडेल खऱ्या गाडीच्या 87 पट लहान. म्हणजे 600 मायक्रॉनच्या चाळणीतून खाली पडलेला आणि 300 मायक्रॉनच्या चाळणीवर अडलेला माल घेतला, तर तो खऱ्या 26 ते 52 मिलिमीटरच्या खडीसारखा दिसतो. अगदी बरोबर बसतं!

चाळल्यावर दोन-तीन पाण्यांनी धुवा, उन्हात कडक वाळवा. चाळताना मास्क लावा, दगडाची धूळ फुप्फुसाला वाईट. मग सगळ्यात महत्त्वाचं काम. चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून मालावरून फिरवा. बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइटचे कण असतात. ते इंजिनाच्या मोटरला चिकटले तर गिऱ्हाईकाचं महागडं इंजिन बिघडेल आणि तुमचं नाव पहिल्याच ऑर्डरला जाईल. तुमच्या चाळीस रुपयांच्या पाकिटावर त्याच्या हजारोंच्या इंजिनाची जबाबदारी असते, हे विसरू नका.

आता हिशोब. आकडे समजण्यापुरते धरलेत, तुमच्या गावचे तुम्ही घाला. 25 किलोचं पोतं 100 रुपयांना आणलं. चाळून, धुऊन कामाचा माल निघाला 5 किलो. 200 ग्रॅमची 25 पाकिटं झाली. म्हणजे कच्चा माल पाकिटाला 4 रुपये. या सगळ्याला तुमचे 6 तास गेले. तासाला 100 रुपये धरले तर 600, पाकिटाला 24 रुपये. पिशवी आणि लेबल 8 रुपये. झाले 36. कुरियर आणि खराब माल अजून धरलेलाच नाही.

इथेच बहुतेक नवे उद्योजक फसतात. "दगडच तर आहे, चार रुपयांचा!" म्हणून 30 ला विकतात आणि दर पाकिटामागे 6 रुपये स्वतःच्या घामातून देतात. घरच्या माणसाने चाळलं म्हणून ते फुकट झालं का? आईने किंवा बायकोने घातलेले तास हिशोबात धरले नाहीत, तर तो नफा नाही, तो तिचा न दिलेला पगार आहे. हे कडू वाटेल, पण खरं आहे.

दुसरी गोष्ट. क्रशरवाल्याशी तासभर घासाघीस करून पोतं निम्म्या भावात आणलंत, तरी पाकिटामागे वाचले 2 रुपये. त्याऐवजी मोठी, चांगली चाळणी घेतली आणि वेळ निम्मा केला, तर वाचले 12. म्हणून माझं स्पष्ट मत: स्वस्त माल शोधण्यात जेवढं डोकं घालवता, त्याच्या दुप्पट वेळ वाचवण्यात घालवा.

कुणी म्हणेल, "सर, गिऱ्हाईक स्वतः कच आणून चाळेल की." काही जण चाळतीलच, चाळू दे. पण बाकीच्यांना दगड नकोय. त्यांना एकसारखं माप, धुतलेला माल आणि चुंबक फिरवल्याची खात्री हवी आहे. तुम्ही तेच विकताय, आणि त्याचे पैसे मागायला लाजू नका.

एक इशारा मात्र देतो. हा बाजार छोटा आहे. याच्या भरवशावर नोकरी सोडू नका, कर्ज तर मुळीच काढू नका. एका पोत्यापासून सुरुवात करा. पहिली मूठभर खडी स्वतः फळीवर पसरून पाणी मिसळलेल्या फेव्हिकॉलने चिकटवून बघा. त्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाका, म्हणजे पाणी दाण्यांत नीट मुरतं. वाळल्यावर रंग कसा दिसतो ते पाहा. तुम्हाला पटलं तरच विका.

आज रात्री वही काढा. तुमचा माल कुठलाही असो, एका नगामागे तुमची किती मिनिटं जातात ते लिहा. भाव त्यानंतर ठरवा. भेटूया पुढच्या व्हिडिओत!