विश्लेषण : गाढवाची सुटका एका दिवसाची, सांभाळ २० वर्षांचा! ‘पालकत्वा’चे पैसे भरण्याआधी हे समजून घ्या

वीटभट्टीवर पाय मोडलेले, पाठीवर जखमा असलेले गाढव. त्याला उचलून गाडीत घेणारे कार्यकर्ते. खाली क्यूआर कोड. असे व्हिडिओ समाजमाध्यमांवर वेगाने पसरतात आणि उपचारापुरते पैसे अनेकदा जमतातही. पुढे जखम भरते, पण पाय कायमचा अधू होतो. हे गाढव पुन्हा ओझे वाहू शकत नाही आणि त्याला रस्त्यावर सोडूनही देता येत नाही. आता त्याला रोज चारा, पाणी, निवारा आणि अधूनमधून डॉक्टर लागणार असतो. नेमक्या याच टप्प्यावर मदतीचा ओघ आटतो, कारण चारा खाणाऱ्या गाढवाचा व्हिडिओ कोणी पुढे पाठवत नाही.

ही फट भरून काढण्यासाठी अनेक प्राणी संस्था ‘पालकत्व’ किंवा ‘दत्तक’ योजना चालवतात. कल्पना चांगली आहे. पण देणगीदार आणि संस्था या दोघांनीही तिचा अर्थ नीट समजून घेतला नाही, तर सुटका झालेल्या प्राण्याची पुन्हा आबाळ होऊ शकते.

पालकत्व योजना म्हणजे नेमके काय?

यात गाढव घरी आणायचे नसते. ते संस्थेच्या आवारातच राहते. देणगीदार दरमहा किंवा वर्षाला ठरलेली रक्कम देतो आणि संस्था त्याला गाढवाचा फोटो, माहिती आणि वेळोवेळी खुशाली कळवते.

या पद्धतीचे सर्वात ठळक उदाहरण ब्रिटनमधील ‘द डाँकी सँक्च्युअरी’ ही संस्था आहे. एलिझाबेथ स्वेंडसेन यांनी १९६९ मध्ये डेव्हन परगण्यात तिची स्थापना केली. तिथे ठरावीक गाढवांपैकी एकाची निवड करून वार्षिक पालकत्व घेता येते. भारतात उदयपूरच्या ‘अ‍ॅनिमल एड अनलिमिटेड’सारख्या संस्था गाढवांसह इतर प्राण्यांसाठी अशी मदत स्वीकारतात. महाराष्ट्रात सांगली आणि आसपासच्या भागात ‘अ‍ॅनिमल राहत’ ही संस्था बैल, गाढवे अशा कष्टकरी जनावरांवर उपचार करते, वीटभट्ट्यांवर गाढवांऐवजी यांत्रिक वाहने यावीत यासाठी प्रयत्न करते आणि थकलेल्या जनावरांना निवृत्तीचे आयुष्य देते.

एवढी वर्षे सांभाळावे का लागते?

कारण गाढव दीर्घायुषी आहे. चांगली निगा राखली तर ते ३० वर्षे, काही वेळा त्याहून अधिक जगते. ओझे वाहणारी गाढवे मात्र ऐन उमेदीत निकामी होतात. सांधे झिजतात, पाय वाकडे होतात, डोळे जातात. काही ठिकाणी दम लागू नये या समजुतीने त्यांच्या नाकपुड्या चिरल्या जातात. या जखमा भरल्या तरी शरीर पूर्ववत होत नाही.

समजा, १० वर्षांचे अधू गाढव संस्थेत आले आणि ३० वर्षांपर्यंत जगले, तर तो २० वर्षांचा, म्हणजे २४० महिन्यांचा खर्च झाला. व्हिडिओवर जमलेले पैसे त्यातील पहिल्या दोन-तीन महिन्यांचे असतात. उरलेल्या महिन्यांचे काय, हा खरा प्रश्न आहे.

सांभाळ म्हणजे फक्त चारा का?

नाही. पण चाऱ्यापासूनच हिशेब सुरू करू. गाढवाला दिवसाला साधारण वजनाच्या दीड टक्का कोरडा चारा लागतो. १२० किलोचे गाढव धरले, तर रोज १.८ किलो, वर्षाला सुमारे साडेसहाशे किलो आणि २० वर्षांत सुमारे १३ टन. त्यातही हिरवागार, पौष्टिक खुराक भरपूर दिला म्हणजे प्रेम केले, असे होत नाही. गाढवाचे शरीर रुक्ष प्रदेशातल्या कोरड्या गवतावर वाढण्यासाठी बनले आहे. गोड, पिष्टमय खाण्याने ते लठ्ठ होते आणि खुरांना वेदनादायक सूज येते. भेटीला जाताना बिस्किटे आणि गूळ नेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

खुरांचे काम तर कायमचे. काम करणारे गाढव चालून चालून खूर झिजवते. आश्रयस्थानातले चालत नाही, त्यामुळे खूर वाढत राहतात. साधारण ६ ते १० आठवड्यांनी ते कापून आकारात आणावे लागतात. आठ आठवड्यांचा हिशेब धरला, तर २० वर्षांत एका गाढवाच्या खुरांना १३० वेळा हात लावावा लागतो. शिवाय दात वाढून टोकदार झाले की ते घासावे लागतात, नाहीतर चारा चावता येत नाही. धनुर्वाताची लस, जंतांचे औषध हेही ठरलेलेच. घोड्याच्या तुलनेत गाढवाची कातडी आणि केस पावसापुढे कमी टिकतात. त्यामुळे कोकण-घाटमाथ्यावरच्या पावसात कोरडी, छप्पर असलेली जागा ही चैन नसून गरज आहे.

आणखी एक गोष्ट बाहेरून दिसत नाही. गाढव दुखणे लपवते. घोडा तळमळतो, गाढव नुसते मान खाली घालून उभे राहते. त्याने खाणे सोडले की शरीरातील चरबी रक्तात उतरते आणि यकृत-मूत्रपिंडे निकामी होऊन काही दिवसांत ते दगावू शकते. सोबती गेल्याच्या धक्क्यानेही गाढव खाणे सोडते. म्हणूनच गाढवे जोडीने ठेवावीत, असे तज्ज्ञ सांगतात. द डाँकी सँक्च्युअरी घरी सांभाळायला गाढव देते तेही जोडीनेच. थोडक्यात, ‘एक गाढव सांभाळणे’ असे काही नसतेच. किमान दोन सांभाळावी लागतात आणि त्यांना रोज ओळखणारा माणूस पगारावर ठेवावा लागतो.

गाढवे कमी होत असताना हा खर्च कशाला?

२०१२ च्या पशुगणनेत देशात सुमारे ३ लाख २० हजार गाढवे होती. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत ती सुमारे १ लाख २० हजारांवर आली. ही घट ६१ टक्क्यांहून अधिक आहे. महाराष्ट्रात याच काळात संख्या सुमारे २९ हजारांवरून १८ हजारांच्या आत आली. टेम्पो, ट्रॅक्टर आले, विटा आणि वाळू वाहण्याचे काम यंत्रांकडे गेले. जेजुरीला पौष पौर्णिमेला आणि मढीच्या यात्रेत भरणारे गाढवांचे बाजार ज्या अर्थव्यवस्थेवर उभे होते, तीच आक्रसली.

दुसरीकडे, चीनमध्ये गाढवाच्या कातडीपासून ‘एजियाओ’ नावाचा पारंपरिक औषधी पदार्थ बनतो. त्यासाठी जगभरात दरवर्षी किमान ५९ लाख गाढवे मारली जातात, असा द डाँकी सँक्च्युअरीचा अंदाज आहे. आफ्रिकी महासंघाने फेब्रुवारी २०२४ मध्ये कातडीसाठी गाढवांच्या कत्तलीवर बंदी घालण्याचा निर्णय घेतला. भारतातही गाढव हा अन्नासाठी कत्तल करण्यास परवानगी असलेला प्राणी नाही. तरीही आंध्र प्रदेशात मांसासाठी बेकायदा कत्तलीची प्रकरणे वारंवार उघड झाली आहेत.

म्हणजे गाढव निरुपयोगी झाले की त्याच्यापुढे वाटा मोजक्याच उरतात : रस्ता, कचराकुंडी किंवा खाटीक. काम गेलेल्या जनावराला बाजारात किंमत राहत नाही. म्हणूनच त्याला आश्रय लागतो. संख्या कमी होणे हे आश्रयस्थान नको असल्याचे कारण ठरत नाही.

मग दोष मालकाचा?

व्हिडिओंमध्ये खलनायक बहुतेक वेळा मालकच असतो. वास्तव इतके सोपे नाही. महाराष्ट्रात गाढवे प्रामुख्याने वडार, बेलदार, कैकाडी, कुंभार, परीट अशा कष्टकरी समाजांनी पाळली. ज्याच्या स्वतःच्या घराला पक्के छप्पर नाही आणि जो वीटभट्टीच्या हंगामासाठी उचल घेऊन कुटुंबासह स्थलांतर करतो, त्याच्याकडून अधू जनावराला २० वर्षे पोसण्याची अपेक्षा कशी करायची? स्वस्त विटांचा फायदा शहरातल्या घराला झाला. गाढवाच्या म्हातारपणाचा खर्च मात्र भट्टीवरच्या मजुराच्या माथी. पालकत्वाकडे या नजरेने पाहिले, तर ती दया राहत नाही. आपण वापरलेल्या श्रमाची ती थकलेली बाकी ठरते. म्हणूनच जखमी गाढव घेऊन जाताना मालकाशी बोलणारी, निरोगी गाढवांवर त्याच्या दारात उपचार करणारी संस्था अधिक विश्वासार्ह मानायला हवी.

कायदा काय सांगतो?

प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० चा आहे. जनावराला पुरेसे खाणे-पाणी-निवारा न देणे आणि योग्य कारणाशिवाय सोडून देणे हा त्याखाली गुन्हा आहे. मात्र पहिल्या गुन्ह्याचा दंड १० ते ५० रुपये! गाढवाच्या एका दिवसाच्या औषधालाही तो पुरणार नाही. ओझ्याच्या जनावरांसाठीचे नियम १९६५ चे आहेत. त्यानुसार गाढवावर ५० किलोंहून अधिक भार टाकता येत नाही, दिवसात ९ तासांहून अधिक काम करून घेता येत नाही आणि ३७ अंशांहून अधिक तापमान असेल तिथे दुपारी १२ ते ३ या वेळेत कामाला जुंपता येत नाही. भट्टीवर हे नियम कोण मोजतो, हे वेगळे सांगायला नको.

जप्त जनावरांच्या देखभालीसाठी २०१७ चे नियम आहेत. खटला सुरू असताना जनावर पांजरपोळ किंवा प्राणी कल्याण संस्थेकडे सोपवण्याची आणि खर्चासाठी मालकाकडून बंधपत्र घेण्याची तरतूद त्यात आहे. पण मालकाकडेच पैसे नसतील, तर कागदावरचा खर्च कागदावरच राहतो आणि भार संस्थेवर येतो. म्हणजे कायदा जनावराची सुटका करू शकतो; पुढची २० वर्षे तो पोसत नाही.

एका गाढवासाठी द्यावे की सगळ्यांसाठी?

इथे देणगीदारांनी मोठे मन दाखवायला हवे. फोटोत गोंडस दिसणाऱ्या शिंगराला भरपूर पालक मिळतात. चावणाऱ्या, आंधळ्या, म्हाताऱ्या गाढवाला एकही मिळत नाही. प्रत्येक रुपया त्या-त्या गाढवावरच खर्च करायचा म्हटले, तर एकाच्या गोठ्यात ढीग आणि शेजारच्या गोठ्यात उपास, अशी स्थिती होईल. म्हणून चांगल्या संस्था पालकत्वाचे पैसे एकत्रित निधीत टाकतात. त्यात फसवणूक नाही. मात्र ही गोष्ट त्यांनी आधीच स्पष्ट सांगितली पाहिजे. एकाच गाढवाचे अनेक पालक असतील, तर तेही.

संस्थांचीही जबाबदारी आहे. आवारात किती गाढवे घ्यायची, हे दरमहा खात्रीने येणाऱ्या रकमेवर ठरायला हवे. एखाद्या व्हिडिओवर जमलेल्या रकमेवर नाही. ‘आता जागा नाही’ असे सांगणारी संस्था निर्दयी वाटते. पण ४० जनावरांच्या चाऱ्यात ८० जनावरे ठेवणारी संस्था त्या सगळ्यांनाच अर्धपोटी ठेवते. देणगीदारांनी सुटकांचा आकडा विचारणे कमी करावे आणि गेल्या वर्षी आणलेल्या गाढवांचे काय झाले, हे विचारावे.

पैसे भरण्याआधी काय तपासाल?

– संस्था नोंदणीकृत आहे का, लेखापरीक्षित हिशेब दाखवते का?

– खुरांची आणि दातांची निगा कोण राखते? नियमित पशुवैद्यक आहे का?

– गाढवे जोडीने, कळपात राहतात की एकेकटी बांधलेली असतात?

– नव्या गाढवाला काही काळ वेगळे ठेवून ‘ग्लँडर्स’ची तपासणी होते का? हा घोडावर्गीय प्राण्यांचा जीवघेणा आजार माणसालाही होऊ शकतो.

– फोटो ताजे आहेत का? गाढव दगावले, तर कळवले जाते का? मृत्यू न लपवणारी संस्था हिशेबही सहसा लपवत नाही.

– भेट देण्याची मुभा आहे का?

करसवलतीसाठी पैसे देणार असाल, तर ती जुन्या करप्रणालीतच मिळते आणि २ हजार रुपयांहून अधिक रोख देणगीवर मिळत नाही, हेही लक्षात घ्या.

मग किती द्यावे?

जेवढे दरमहा न चुकता देता येईल तेवढे. एकदाच ५ हजार देऊन विसरणाऱ्यापेक्षा दरमहा २०० रुपये देणारा पालक आश्रयस्थानाला अधिक उपयोगी पडतो. तीन वर्षांत त्याचे ७ हजार २०० होतात. शिवाय ते येणार हे माहीत असल्याने उन्हाळ्याआधी, भाव चढण्यापूर्वी चारा भरून ठेवता येतो. यूपीआयवर ऑटो-पेची सोय आहे, पैसे कापण्याआधी सूचनाही येते. थांबायचे असेल तर जरूर थांबा, पण संस्थेला महिनाभर आधी कळवा.

काशीहून रामेश्वरासाठी आणलेले गंगाजल वाटेत तहानलेल्या गाढवाला पाजणाऱ्या संत एकनाथांची कथा मराठी घरांत लहानपणीच सांगितली जाते. त्या गाढवाला दुसऱ्या दिवशी पाणी कोणी पाजले, हे कथेत येत नाही. कथेला त्याची गरजही नाही. आश्रयस्थानाला मात्र आहे. तिथे दुसरा दिवस रोजच उगवतो आणि पालकत्वाचे पैसे त्याच दिवसासाठी असतात.