निम्मे तूप म्हणजे किती?

बेसनाच्या लाडवांना तूप किती, असे कोणत्याही जाणत्या बाईला विचारा. ‘निम्मं’ असे उत्तर मिळेल. उत्तर बरोबर आहे. पण ते वाटीचे उत्तर आहे. विचारणारीच्या ओट्यावर हल्ली काटा असतो, आणि घोटाळा तिथेच होतो.

आमच्या शेजारी गेल्या दिवाळीत असेच झाले. सूनबाई हिशेबाची पक्की. तिने अर्धा किलो बेसन तोलले, पाव किलो तूप तोलले. लाडू वळता वळेनात. वळले ते ताटात फुटले.

“आई, तुम्हीच निम्मं म्हणालात ना?”

“अगं, निम्मंच म्हणाले! मी काय आज करतेय लाडू?”

दोघीही हिरमुसल्या. मध्यस्थीला मला बोलावले. (चिवड्याची बशी पुढे आली, म्हणून मीही निकालाची घाई केली नाही.)

रोजची वाटी पाण्याने भरून तोला. पाणी २०० ग्रॅम भरले, तर वाटी २०० मिलिलिटरची. त्याच वाटीत पातळ केलेले तूप सुमारे १८० ग्रॅम मावते, साखर १७०, रवा १४०. पण चाळलेले बेसन जेमतेम ९० ते १००, आणि पिठीसाखरही शंभराच्या आसपास. म्हणजे दोन वाट्या बेसनाला एक वाटी तूप घेतले, की काट्यावर दोन्ही जवळजवळ सारखीच! सासूबाईंचे ‘निम्मे’ काट्याच्या भाषेत ‘बरोबरीने’ होते. उरलेले तूप पातळ करून त्या भुग्यात कालवले, तेव्हा लाडू वळले.

हा गोंधळ जुनाच आहे. शेर हा शब्द वजनालाही होता आणि मापालाही. वजनाचा पक्का शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅमचा. मापाचा शेर म्हणजे दोन मापटी किंवा चार चिपटी. त्याचे वजन आत काय भरले त्यावर. १ ऑक्टोबर १९५८ पासून मेट्रिक वजने टप्प्याटप्प्याने आली आणि दुकानातला शेर गेला. पण १९७० साली ‘रुचिरा’ निघाले, त्यात कमलाबाई ओगल्यांनी वाटी-चमच्याचीच प्रमाणे दिली. दुकान किलोचे झाले, स्वयंपाकघर वाटीचेच राहिले.

चकलीच्या भाजणीला हे दुखणे नाही. तांदूळ, हरभऱ्याची डाळ, उडदाची डाळ वाटीला साधारण सारख्याच वजनाची. चार-दोन-एक हे प्रमाण वाटीने घ्या की किलोने, फारसे बिघडत नाही. भाजणी दळून आली, की मात्र ती पीठ झाली. मोहन घालताना पुन्हा वाटीच हाती घ्यावी. उलट चिवड्याचे पातळ पोहे तोलूनच घ्यावेत. वाटीत पोह्यांपेक्षा हवाच अधिक मावते.

पिठीसाखरेच्या जागी तितक्याच वाट्या दाणेदार साखर दळून घातली, तर लाडू दीडपटीहून गोड होतील, हेही लक्षात असू द्यावे. आणि पीठ भरताना वाटी ओट्यावर ठोकू नये. ठोकलेल्या वाटीत बेसन बरेच जास्त बसते.

वाण्याची यादी करण्यापूर्वीच हिशेब मांडलेला बरा. एक किलो बेसन म्हणजे वर सांगितलेल्या वाटीने दहा-अकरा वाट्या. त्याला पाच वाट्या तूप, म्हणजे ९०० ग्रॅम! आकडा पाहून छाती दडपते खरी. हात थोडा आखडला तरी लाडू होतात; पण तूप अर्ध्या किलोवर भागवायचे असेल, तर बेसनही कमीच आणावे.